पाय किती उचलतो

"…ते सगळं खरं काका, पण मोठी घेऊ की लहान, तेवढं सांगा."

कॅप्टन दिगंबर कोळंबकर हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होते.

जिवबा तारी होडीच्या फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकत होता. त्याने मान वर केली नाही.

ओहोटी लागली होती. होडी चिखलावर कलती पडली होती आणि कॅप्टनसाहेब पांढरे बूट सांभाळत कोरड्या दगडावर उभे होते.

ही जागा आमच्या खाडीवरची. अलीकडे आमचं गाव, पलीकडे आंबेजुवा. जुवा म्हणजे खाडीच्या मधोमध वसलेलं बेट. मधलं पाणी जिवबाच्या होडीतून ओलांडायचं, गेली साठ वर्षं दुसरा उपाय नाही. मी इथला पोस्टमन होतो. तीस वर्षं रोज या होडीत बसलो. निवृत्त झालो तरी सकाळ झाली की पाय इकडेच वळतात, आणि काठावरच्या उंडीच्या झाडाखाली बसून मी लोकांचं बोलणं ऐकतो. वाईट सवय आहे, पण दुसरं कामही नाही.

जिवबा पंच्याऐंशीचा. आमच्याकडे तो गुरू. मंत्र देत नाही, गंडा बांधत नाही, पाणी शिकवतो. गावात कोणाला होडी घ्यायची झाली तर आधी जिवबाला विचारायचं आणि मग लाकूड बघायचं, असा शिरस्ता आहे. त्याच्याबद्दल आम्ही एकेरीच बोलतो, देवाबद्दल बोलतो तसं.

कॅप्टनसाहेब त्याचे सगळ्यांत मोठे शिष्य. अकराव्या वर्षी जिवबाने त्यांच्या हातात वल्हं दिलं. तिथून ते मर्चंट नेव्हीत गेले आणि पस्तीस वर्षं जगभर जहाजं नेली. चैत्रात निवृत्त होऊन कायमचे घरी आले. पावसाळा खिडकीत बसून काढला. नारळी पौर्णिमेला समुद्र मोकळा झाला आणि त्यांच्या डोक्यात बोट शिरली.

बोट नव्हे, दोन बोटी. दोन्ही गोव्यात विकायला उभ्या होत्या.

"ही बघा मोठी." त्यांनी फोन जिवबाच्या नाकासमोर धरला. "बेचाळीस फूट. शिडाची. दोन डोलकाठ्या. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर. आख्खा संसार मावतो आत."

जिवबाने फोन हातात घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले.

"आणि ही लहान. अठरा फुटी. फायबरची. मागे इंजिन, बटण दाबलं की चालू. पण खाडीबाहेर तिचं काम नाही. लोक म्हणतात, या वयात मोठी झेपायची नाही, लहान घ्या आणि मासे मारत बसा. लोकांना काय कळतंय?"

"मोठी कित्याक होयी?" जिवबाने विचारलं.

कॅप्टनसाहेबांचा आवाज जरा खाली आला.

"कुमुदसाठी. पस्तीस वर्षं ती घरी बसली, काका. मी आठ महिने बाहेर, दोन महिने घरी. आता तिला घेऊन जायचं. आधी लक्षद्वीप, मग मालदीव. शिडावर, सावकाश. इंजिनाची घरघर नाही. तिला समुद्र दाखवायचाय… मी शब्द दिलाय तिला."

"कदी दिलंस?"

"लग्न झालं तेव्हा."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. कुमुद माहेरची जुव्यावरची. नवरी होऊन ती अलीकडे आली ती जिवबाच्याच होडीतून, आणि वल्हं मारायला तेव्हा खुद्द नवरदेव बसले होते. हळदीच्या अंगाने वल्हं मारणारा नवरा गावाने तोवर पाहिला नव्हता. बायका हसल्या होत्या. ती मात्र हसली नव्हती, त्यांच्याकडे बघत राहिली होती. मला ते लख्ख आठवतं.

जिवबाने फोन परत दिला. हातोडी खाली ठेवली.

"कुमदाचो पाय कितको उचलता?"

"काय?"

"पाय. जमनीपासना कितको वर उचलता?"

कॅप्टनसाहेब हसले. मग जिवबा हसत नाही हे बघून थांबले.

"आता ते कसं सांगू? उचलतो की. सगळ्यांचा उचलतो तेवढा."

"ठावक नाय म्हण."

"काका, मी तुम्हाला बोटीचं विचारतोय. चाळीस हजार टनांची जहाजं नेली मी…"

"नेलंस मां. मी नाय खय म्हणतंय?" जिवबाने पुन्हा हातोडी घेतली. "बघून ये."

कॅप्टनसाहेब गेले ते पाय आपटतच गेले. बुटांना चिखल लागला, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हजर झाले. हातात कागद होता.

"चौदा इंच," ते म्हणाले.

जिवबाची हातोडी चालूच होती.

"टेपने मोजलं. तिला उभं केलं आणि म्हटलं पाय उचल. तिने उचलला. उजवा चौदा, डावा बारा. मोठ्या बोटीचा काठ धक्क्यापासून तीन फुटांवर आहे. तीन पायऱ्यांची शिडी लावली की काम झालं. हे बघा, काढूनच आणलंय."

कागदावर शिडीचं चित्र होतं. मापं, कोन, सगळं व्यवस्थित. शाळेतही त्यांची वही अशीच असायची म्हणतात.

जिवबाने चित्राकडे पाहिलंही नाही.

"पाय उचलल्यान तेवा ती काय धरून होती?"

"काय धरून म्हणजे?"

"हात खय होतो तिचो?"

कॅप्टनसाहेब आठवू लागले.

"भिंतीला…"

"पाण्यार भिंत खय आसा?"

मी झाडाखाली बसून खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू? मोठ्या माणसाची जिरलेली बघायला कोणाला आवडत नाही. त्या वेळी मला पुढचं माहीत नव्हतं.

"तुया तिका विचारलंस," जिवबा म्हणाला. "विचारलंस म्हणान तिना उचलल्यान. विचारू नको. घरात बस आणि बघ."

"किती वेळ?"

"दिसतला तवर."

यानंतर चार दिवस कॅप्टनसाहेब तरीकडे, म्हणजे होडीच्या धक्क्याकडे, फिरकले नाहीत. मी जिवबाला म्हटलं, "गेले वाटतं गोव्याला. घेतली असणार एक."

"नाय," जिवबा म्हणाला. "बघता हा तो."

पाचव्या दिवशी ते आले. कागद नव्हता, बूटही नव्हते. जुन्या चपला घालून आले आणि नेहमीच्या दगडावर उभे न राहता चिखलातून चालत होडीपाशी गेले. काठावर हात ठेवून उभे राहिले.

जिवबाने कापूस बाजूला सारला.

"मागच्या दाराला एक चिऱ्याचा तुकडा आहे," कॅप्टनसाहेब म्हणाले. "जांभ्याचा. अर्धा फोडलेला. उंबरठ्याच्या बाहेर ठेवलेला असतो."

जिवबाने मान हलवली.

"मी घरी आलो ना चैत्रात… तेव्हा त्याला ठेचकाळलो. अंगठा फुटला. मी म्हटलं, कुठल्या गाढवाने हा दगड इथे ठेवलाय? उचलला आणि माडाच्या आळ्यात टाकला. दोन दिवसांनी परत तिथेच. मी परत फेकला. परत तिथेच आला. मला वाटलं कामवाली आणत असेल. मी तिला रागावलो…"

त्यांनी होडीच्या काठावरून हात फिरवला.

"तो कुमुदचा आहे. ती आधी त्याच्यावर पाय ठेवते, मग उंबरठ्यावर, मग आत. दाराची चौकट धरून. खाली उतरताना आडवी उतरते, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवून. तुळशीला पाणी घालायला जाते तेव्हा वाटेत तीन ठिकाणी हात टेकते. खांब, कठडा, पिंपाचा काठ. तीनही ठिकाणी रंग गेलाय, काका. हाताने घासून गेलाय. आणि मी सहा महिने त्या घरात राहतोय."

"कितको उचलता मग?"

"त्या तुकड्याएवढा," कॅप्टनसाहेब म्हणाले. "चार बोटं."

खाडीवर बगळे उतरले होते. जिवबा तिकडे बघत होता.

"मी विचारलं तिला," ते पुढे म्हणाले. "कधीपासून? तर म्हणाली, सहा वर्षं झाली. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? तर म्हणते, फोनवर सांगितलं होतं. तुम्ही सिंगापुरात होता. म्हणालात, गोळ्या घे."

"म्हणालंस?"

"आठवत नाही… म्हणालोच असेन."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण तोंड फिरवलं. मला उठून जावंसं वाटलं. उठलो नाही.

मग एकदम सावरून ते म्हणाले, "ठरलं. मोठी नको. कुठलं मालदीव आणि कुठलं काय. लहान घेतो. तिचा काठ दोन फुटांवर आहे, तेवढी लाकडी पायरी मी स्वतः करीन. तिला खाडीत फिरवीन. बास."

"दोन फूट खूप झाले," जिवबा म्हणाला.

"मग काय करू? माझ्याच्याने दुसरं काय होणार?"

जिवबा उठला. उठायला त्याला वेळ लागतो. आधी हात, मग एक गुडघा, मग कंबर. उठून तो धक्क्याच्या पायऱ्यांकडे बोट दाखवू लागला.

"ती तिसरी पायरी बघ. पुनवेच्या भरतीक, दुपारी बाराच्या सुमाराक, पाणी थय येता. होडी पायरेक लागता. तेवा काठ चार-पाच बोटां वर ऱ्हवता, जास्त नाय. बाकीचा मी करंय."

"म्हणजे?"

"पाण्यात उभो ऱ्हवान मांडी वाकडी करायची. बायलमाणसां मांडयेर पाय ठेवन होडयेत बसतत. जुव्यारच्या म्हाताऱ्यो सगळ्यो अशाच बसल्यो. कुमदा पण. गुडघे धरल्यापासना तीन वर्सां ती अशीच जाय. पुनवेक आणि अवसेक. बाकी दिवस येय नाय, माका तरास नको म्हणान."

हे खरं होतं. मी पाहिलं होतं. आणि त्याच्या आधीचंही. दर महिन्याला परदेशी तिकिटाचं एक पाकीट मी कुमुदवहिनीच्या हातात द्यायचो. ती ते तिथे उघडत नसे. कमरेला खोचून तरीवर यायची, जुव्यावर जायची आणि तिथे आईला आणि शेजारच्या इंदूला वाचून दाखवायची. पुढे फोन आले आणि पाकिटं बंद झाली, पण तिचं जाणं चालू राहिलं होतं.

"मग आता?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

"आता तीन वर्सां येवक नाय."

"का?"

"माका ठावक नाय." जिवबाने दाखवलेलं बोट खाली घेतलं. "विचारूक होया होता. मी विचारूक नाय. वाटला, येतली."

जिवबाला कसला पश्चात्ताप झालेला मी आयुष्यात त्या एकदाच पाहिला.

मग तो म्हणाला, "माझो गुडघो आता वाकणा नाय. तुजो वाकता?"

"वाकतो."

"वाकव बघू."

कॅप्टनसाहेब चिखलात उभे राहिले, एक पाय पुढे टाकला आणि मांडी वाकवली. जिवबाने त्यांच्या खांद्याला धरलं आणि आपला चिखलाने भरलेला पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. पांढरी विजार बरबटली.

"हालतंस," जिवबा म्हणाला.

कॅप्टनसाहेबांनी पाय रोवला.

"अजून हालतंस. पाण्यात याच्यापेक्षा जास्त हालतलंस. पाण्याक ओढ असता."

त्यांनी पुन्हा पाय रोवला. आठवडाभर हा प्रकार चालला. रोज सकाळी बासष्ट वर्षांचा माणूस कमरेएवढ्या पाण्यात मांडी वाकवून उभा राही, आणि पंच्याऐंशीचा म्हातारा होडीत बसून तिच्यावर पाय ठेवून बघे. गावातले लोक येऊन बघून गेले. कोणी म्हणालं, साहेबांचं डोकं फिरलं. साहेबांनी एकदाही वळून पाहिलं नाही. गोव्याहून दोनदा फोन आला तर म्हणाले, पुनवेनंतर कळवतो.

शेवटच्या दिवशी जिवबाने पूर्ण भार दिला. मांडी हलली नाही.

"झाला," जिवबा म्हणाला.

कॅप्टनसाहेबांचा चेहरा त्या दिवशी अकरा वर्षांच्या पोरासारखा झाला होता.

पुनवेला दुपारी बाराला ते कुमुदवहिनीला घेऊन आले. कशासाठी ते तिला सांगितलं नव्हतं. तिने निळं लुगडं नेसलं होतं आणि डोक्यावर पदर घेतला होता. पायऱ्या ती आडवी उतरली, एका पायरीवर दोन्ही पाय. ते तिच्या खालच्या पायरीवर, उलटे चालत, हात पसरून. धरत नव्हते, पण हात दूरही नेत नव्हते.

पाणी तिसऱ्या पायरीला लागलं होतं. होडी पायरीला चिकटून उभी होती. जिवबा आत बसून होडी धरून होता.

"काय गो कुमदा," जिवबा म्हणाला.

"बरी आसंय, काका," ती म्हणाली. "तुमी कशे आसास?"

"आसंय."

कॅप्टनसाहेब पाण्यात उतरले. कमरेपर्यंत पाणी आलं. त्यांनी पाय रोवला, मांडी वाकवली, डावा हात होडीच्या काठावर टेकला आणि उजवा तिच्यासाठी वर केला.

"ठेव पाय," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मांडीकडे, मग हाताकडे, मग चेहऱ्याकडे. खूप वेळ बघत राहिली. तिने चपला काढल्या. मला वाटलं, आता ठेवणार.

"खय जावचा?" तिने विचारलं.

"जुव्यावर. तुझ्या माहेरी. दर पुनवेला आणि अवसेला नेईन. एक दिवस चुकवणार नाही."

"थय आता कोण आसा?"

कॅप्टनसाहेबांनी जुव्याकडे पाहिलं.

"आये गेली," ती म्हणाली. "भाव मुंबयक गेलो, घराक टाळा आसा. इंदू होती. तिच्यासाठी मी जात होतंय. ती गेली तेका तीन वर्सां झाली."

"इंदू… गेली?"

"फोनार सांगितलेलंय तुमका."

होडी जराशी हलली. जिवबाने वल्हं टेकवून ती पुन्हा पायरीला लावली.

"मग जुव्यावर नको," कॅप्टनसाहेब घाईने म्हणाले. "तू म्हणशील तिकडे. मोठी बोट घेतो. चढायला खुर्ची बसवतो, दोरीने वर घ्यायची. तुला पायसुद्धा उचलावा लागणार नाही. समुद्र बघ. मी शब्द दिला होता ना?"

"समुद्र बघितलंय मी," ती म्हणाली. "खिडकेतना रोज बघी. तुमी खयच्या बाजूक असतलास ता बघी."

"मग चल ना आता. आता मी आहे."

ती हसली. खरंच हसली, त्यात टोमणा नव्हता. खाली वाकली, त्यांच्या खांद्यावर चिकटलेलं शेवाळ काढून पाण्यात टाकलं.

"उठा. सगळे भिजलास," ती म्हणाली. "तुमी घेवा बोट. जावा. तुमका आवाडता ता. माझा काय अडणा नाय, घरात मी बरी असतंय."

"एकटी?"

"माका सवय आसा."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागावर उत्तर असतं. ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, चहात साखर चालत नाही म्हणून सांगावं तसं.

तिने चपला पायात सरकवल्या. जिवबाकडे बघून हात जोडले. मग पायऱ्या चढू लागली. एक पायरी, दोन्ही पाय. थांबायची. पुन्हा एक पायरी. कॅप्टनसाहेबांनी हाक मारली नाही. मारली असती तर ती थांबली नसती असं मला वाटत नाही… पण त्यांनी मारली नाही. वर धक्क्यावर पोचल्यावर तिने कठड्याला हात टेकला, श्वास घेतला आणि घराच्या वाटेला लागली.

ते अजून तसेच उभे होते. मांडी वाकलेली, हात वर.

मला जिवबाचा राग आला. कशाला पाठवलं त्यांना बघायला? चिऱ्याचा तुकडा दिसला नसता तर काय बिघडलं असतं? मोठी बोट घेतली असती, ती आली नसती, गुडघे दुखतात म्हणाली असती आणि त्यांनी ते खरं मानलं असतं. तेवढंच माणसाला पुरतं. हे सगळं मी जिवबाला बोलणार होतो. त्याच्याकडे पाहिलं आणि बोललो नाही. तो अजून होडी पायरीला धरून बसला होता.

भरती थांबली होती. पाणी ना वर येत होतं, ना खाली जात होतं.

"काका," कॅप्टनसाहेब म्हणाले.

चैत्रापासून ते आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून घरची बोली आली.

"काका… आता माका सांगा. मोठी घेव की ल्हान?"

जिवबाने पायरीच्या कडीतली दोरी सोडली. ती गुंडाळली, होडीत ठेवली. वल्हं हातात घेतलं.

"मोठी घे, दिगू," तो म्हणाला. "एकट्या माणसाक जागा जास्त लागता."